धातूला मरण नाही

गेल्या वर्षी नववीच्या वर्गात इतिहासाच्या तासाला मी रोमन साम्राज्याविषयी सांगत होते. रोमन लोकांचे सरळसोट रस्ते, दगडी पूल, घरोघर पाणी नेणारे शिशाचे नळ, चांदीची आणि तांब्याची नाणी यांचे वर्णन रंगात आले होते. एका मुलाने विचारले, “एवढे शिसे आणि तांबे त्यांनी आणले कोठून?” “खाणींतून,” मी सांगितले. त्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिचे घर खाणीच्या गावात आहे. ती म्हणाली, “बाई, मग त्या खाणी बंद पडल्यावर तिथली धूळ किती दिवसांनी गेली?”

वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही, कारण त्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक नव्हते. कला शाखेची पदवी घेतलेल्या शिक्षकाला सनावळ्या पाठ असतात. धूळ किती दिवस टिकते हे त्याला परीक्षेत कोणी विचारलेले नसते. “उद्या सांगते,” असे म्हणून मी वेळ मारून नेली. तो ‘उद्या’ उजाडण्यास एक वर्ष लागले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या विद्यार्थिनीला उशिरा दिलेले उत्तर होय. परंतु ते सर्वच विद्यार्थ्यांनी वाचावे अशी माझी इच्छा आहे.

जे कुजत नाही ते

प्रथम एक साधी गोष्ट ध्यानात घेऊ. झाडाचे पान गळून मातीत पडले की ते कुजते आणि त्याचे खत होते. मेलेला प्राणीही काही काळाने मातीस मिळतो. निसर्गाच्या राज्यात बहुतेक सर्व घाण अशा रीतीने मोडून निघते. धातूचे तसे नाही. शिसे हे मूलद्रव्य आहे. ते जाळले, दळले, पाण्यात टाकले वा जमिनीत पुरले, तरी ते शिसेच राहते. त्याचे रूप पालटेल, त्याचा क्षार होईल, परंतु ते नाहीसे होणार नाही.

कोट्यवधी वर्षे हे धातू खडकाच्या पोटात निजलेले असतात, आणि तेथे ते फारसे कोणास उपद्रव देत नाहीत. मनुष्य खडक फोडतो, त्याचा चुरा करतो आणि तो चुरा भट्टीत घालतो. त्या क्षणापासून तो धातू धूर, धूळ, राख, मळी आणि गाळ अशा पाच वाटांनी मोकळा सुटतो. हवा त्याला उचलते, पाणी त्याला वाहून नेते, वनस्पती त्याला मुळांतून शोषून घेते. ज्या गोळ्यासाठी एवढा खटाटोप केला, तो गोळा व्यापारी घेऊन जातो. उरलेले सारे गावात राहते.

फैनानची दरी

या गोष्टीचा पुरावा जगात अनेक ठिकाणी सापडतो. परंतु ज्या एका स्थळाचा अभ्यास फार बारकाईने झाला आहे, तेथेच आपण जाऊ. जॉर्डन देशाच्या दक्षिण भागात, मृत समुद्र आणि अकाबाचे आखात यांच्या दरम्यान वादी अराबा नावाचा रखरखीत सखल प्रदेश पसरला आहे. त्याच्या पूर्व कडेला डोंगरातून उतरणारी एक दरी आहे, तिचे नाव वादी फैनान. वादी म्हणजे पावसापुरती वाहणारी नदी किंवा तिची दरी. येथील खडकात तांब्याचे हिरवे खनिज उघड्या डोळ्यांना दिसते.

अश्मयुगाच्या अखेरीस या हिरव्या दगडाचे मणी करीत असत. पुढे, आजपासून सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी, तो दगड विस्तवात घातला की त्यातून लाल धातू गळतो ही विद्या माणसास साधली. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या सहस्रकात येथील लोकांनी डोंगराच्या वाऱ्याच्या अंगाला भट्ट्या बांधल्या आणि भात्याचे काम वाऱ्यावर सोपवले. इसवी सनापूर्वीच्या दहाव्या-नवव्या शतकांत येथे भाते लावलेल्या मोठ्या भट्ट्या धडधडू लागल्या. दरीच्या जवळच त्या काळातील एक उजाड गाव आहे. त्याला अरबीत ‘खिर्बत अन्-नहास’ म्हणतात. त्याचा अर्थ ‘तांब्याचे भग्नावशेष’. गावाचे मूळ नाव विसरले गेले, धातूचे नाव मात्र राहिले.

त्यानंतर रोमन आले. त्यांनी फैनानला ‘फाएनो’ म्हटले आणि सारा उद्योग राज्याच्या ताब्यात घेतला. डोंगरात खोलवर दालने कोरून, छत कोसळू नये म्हणून मधूनमधून खडकाचेच खांब ठेवून त्यांनी खनिज काढले. अशा एका खाणीला आजही स्थानिक लोक ‘उम्म अल्-अमद’, म्हणजे ‘खांबांची आई’ म्हणतात. जर्मनीतील बोखुम येथील खाणकाम संग्रहालयाच्या संशोधकांनी या परिसरातील धातूच्या मळीचे ढीग मोजले. निरनिराळ्या युगांची मिळून ती मळी दीड ते दोन लाख टन भरते. हे काळे, काचेसारखे ढीग आजही दरीत जागोजाग पडलेले आहेत.

खाणीची शिक्षा

एवढे काम कोणी केले? त्यात वेतनावरचे कारागीर असतील, गुलाम असतील. परंतु रोमन कायद्यात ‘खाणीची शिक्षा’ नावाचीही एक शिक्षा होती, आणि देहदंडाच्या खालोखाल तीच कठोर समजली जात असे. सम्राट डायोक्लेशियनच्या काळी इसवी सन ३०३ मध्ये ख्रिस्ती धर्मीयांचा छळ सुरू झाला. त्या छळात पुष्कळ स्त्रीपुरुषांना फाएनोच्या खाणीत धाडण्यात आले. त्या काळातच हयात असलेला सीझरियाचा धर्मगुरू युसेबियस याने ही हकीकत लिहून ठेवली आहे. पाठवण्यापूर्वी कैद्यांचा एक डोळा काढीत आणि डाव्या पायाचा सांधा तापल्या लोखंडाने डागून तो निकामी करीत, असे तो लिहितो. त्याच्यानंतरचा अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू अथनेशियस तर म्हणतो की, खुनी माणूससुद्धा त्या जागी थोडेच दिवस जगतो.

हे वाचताना माझ्या मनात आले की, खुनी माणसालाही थोड्या दिवसांत मारणारी ती गोष्ट कोणती असेल? उपासमार असेल, चाबूक असेल, ऊन असेल. परंतु जी गोष्ट पहारेकऱ्यालाही दिसत नव्हती आणि जिने कैदी व पहारेकरी असा भेद केला नसेल, ती म्हणजे त्या जागेची हवा.

प्राचीनांना याची अजिबात जाणीव नव्हती असे मात्र नव्हे. स्पेनमधील चांदीच्या भट्ट्यांची धुराडी उंच बांधतात, कारण त्यांतील वायू जड व प्राणघातक असतो, असे भूगोलकार स्ट्रॅबोने नमूद केले आहे. शिशाचे काम करणाऱ्यांचा रंग फिकट पडतो, म्हणून पिण्याचे पाणी शिशाच्या नळातून आणू नये, असे वास्तुकार व्हित्रूव्हियस सांगतो. हिंगूळ कांडणारे कामगार तोंडावर प्राण्याच्या मूत्राशयाची पातळ कातडी बांधत, अशी नोंद प्लिनीने केली आहे. याचा अर्थ, कळत होते. परंतु कळणारा एक आणि भोगणारा दुसरा होता.

शरीरात काय घडते

आता वैद्यकाच्या अंगाने पाहू. फैनानच्या खनिजात तांब्याबरोबर काही प्रमाणात शिसेही आहे. या दोन धातूंचे स्वभाव निराळे आहेत.

तांबे शरीराला हवे असते, पण अत्यल्प. प्रौढ माणसाला दिवसाकाठी सुमारे एक मिलिग्रॅम पुरते. अधिक झाले की ते पोट ढवळते, आणि सतत अधिक होत राहिले तर यकृतास इजा करते. आपल्या घरांतून हे ज्ञान पूर्वापार आहे. कल्हई उडालेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक किंवा सोलकढी ठेवू नये, ती कळकते, असे माझी आजी बजावीत असे. ‘कळकणे’ म्हणजे काय, तर आंबटाने भांड्याचे तांबे विरघळून अन्नात उतरणे. आजीने रसायनशास्त्र वाचले नव्हते. परंतु तिच्या शब्दसंग्रहात त्या क्रियेसाठी एक नेमका शब्द होता.

शिशाचे तसे नाही. त्याची शरीराला यत्किंचितही गरज नाही. किंबहुना, ज्याला भीतीवाचून घेता येईल असे शिशाचे प्रमाणच आढळलेले नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा धातू मोठा कपटी आहे. तो चुन्याचे, म्हणजे कॅल्शियमचे सोंग घेतो. शरीर फसते आणि कॅल्शियमसाठी राखलेल्या दारांतून त्याला आत घेते. रक्तात तो तांबड्या पेशींच्या घडणीत अडथळा आणतो, म्हणून माणूस फिकट दिसू लागतो. व्हित्रूव्हियसने पाहिलेला फिकेपणा कदाचित हाच असावा. पोटात कळा येतात, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे बिघडतात. मज्जातंतूंत शिरला की हातापायांतील बळ जाते. आणि जे उरते ते हाडांत जाऊन बसते. हाडांतील शिसे निम्मे होण्यासच वीस-तीस वर्षे लागतात.

याचा सर्वांत वाईट परिणाम बालकांवर होतो. प्रौढाच्या तुलनेत लहान मूल अन्नपाण्यातील शिसे चार ते पाच पट अधिक शोषून घेते. त्याचा मेंदू घडत असतो, आणि घडत असलेल्या वस्तूत शिरलेला दोष कायम राहतो. रांगणारे मूल जमिनीवरची धूळ हाताला लावते आणि हात तोंडात घालते. त्याला खाणीत जावे लागत नाही. खाण त्याच्याकडे येते. एवढेच नव्हे, तर गरोदरपणी आईच्या हाडांतील कॅल्शियम गर्भाकडे जाते, त्याबरोबर तिच्या बालपणी साठलेले शिसेही जाते. अशा रीतीने ज्याने अद्याप जग पाहिलेले नाही, त्याच्याही वाट्याला मागल्या पिढीची धूळ येते.

गाळाची पाने आणि हाडांची साक्ष

हे सर्व फैनानमध्ये घडले, हे कशावरून? १९९६ ते २००० या काळात ग्रॅम बार्कर यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश पुरातत्त्वज्ञांच्या व भूगोलतज्ज्ञांच्या पथकाने ही दरी पायाखाली घातली. प्राचीन वस्तीजवळ एक जुना बंधारा आहे. त्याच्यामागे शतकानुशतके गाळ साचत गेला. प्रत्येक पावसाळ्याने एक पातळ थर टाकला. जणू ग्रंथाचे एकेक पान. संशोधकांनी तो गाळ वरपासून खालपर्यंत कापून त्याची रासायनिक परीक्षा केली. भट्ट्या जोरात होत्या त्या काळच्या थरांत तांबे व शिसे यांचे प्रमाण कमालीचे वाढलेले आढळले. ज्या कैद्यांची नावे इतिहासाने लिहून ठेवली नाहीत, त्यांच्या श्वासातील धुळीचा हिशेब त्या बंधाऱ्याने ठेवला होता.

मग हाडांची परीक्षा झाली. फैनानच्या दक्षिणेकडील दफनभूमीत इसवी सनाच्या चौथ्या ते सहाव्या शतकांतील माणसे पुरलेली आहेत. त्यांतील काहींच्या हाडांत तांबे व शिसे पुष्कळ आढळले, काहींच्या हाडांत तितके नाही. येथे विद्यार्थ्यांनी एक खुबी लक्षात घ्यावी. हाडात धातू सापडला म्हणजे तो जिवंतपणीच शिरला असे सिद्ध होत नाही. भोवतालच्या दूषित मातीतून तो मेल्यानंतरही झिरपू शकतो. म्हणून शास्त्रज्ञ हाडाबरोबर जवळच्या मातीचीही परीक्षा करतात आणि दातांचे कठीण कवच तपासतात, कारण त्यात बाहेरचे द्रव्य सहसा शिरत नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्या दफनभूमीतील माणसे मूळची कोठली हेही रासायनिक पद्धतीने तपासण्यात आले. त्यांतील बहुतेक जण दूरदेशीचे कैदी नसून त्याच मुलखात वाढलेले होते, असे दिसून आले. म्हणजे केवळ शिक्षा झालेलेच नव्हे, तर घरदार करून राहिलेली साधी कुटुंबेही तेथे नांदत होती.

एका पावसाचा प्रश्न नाही

आता आपल्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येऊ. धूळ किती दिवसांनी गेली?

रोमन साम्राज्य लयाला गेले. भट्ट्या विझल्या. फैनान ओस पडले. दीड हजार वर्षे लोटली. आज त्या दरीत बदू लोक शेळ्यामेंढ्या चारतात आणि ऋतुमानाप्रमाणे राहुट्या ठोकतात. ब्रायन पायट, जॉन ग्रॅटन आदी संशोधकांनी तेथील आजची माती, वनस्पती आणि जनावरे तपासली. जुन्या भट्ट्यांच्या व मळीच्या ढिगांच्या आसपास धातूचे प्रमाण अजूनही मोठे होते. तेथे उगवणाऱ्या वनस्पतींत तो धातू होता, आणि त्या वनस्पती खाणाऱ्या शेळ्यांच्या शरीरातही त्याचा माग लागला. जुन्या भट्टीच्या जागी ठोकलेल्या राहुटीत वारा सुटला की धूळ आत येते. त्या धुळीवरच मुले खेळतात, तिथेच भाकरी भाजली जाते. म्हणजे उत्तर असे की, ती धूळ गेलीच नाही.

‘खाई त्याला खवखवे’ अशी आपली म्हण आहे. येथे मात्र खाल्ले एकाने आणि खवखवले दुसऱ्याच्या घशात. तांबे रोमला गेले, त्याची नाणी झाली, ती नाणी खर्चून संपली, ती खर्चणारेही संपले. आणि ज्या बदू मुलाने रोमचे नावही कदाचित ऐकले नसेल, त्याच्या शेळीच्या चाऱ्यात त्या नाण्यांचा उरलेला हिशेब अजून चुकता होत आहे.

बर्फातील लेख

आता फैनानची दरी सोडून क्षणभर उत्तरेकडे पाहू. कारण खाणीचा धूर दरीत कोंडून राहत नाही. ग्रीनलंड बेटावर हजारो वर्षांचे बर्फ थरावर थर साचून राहिले आहे. १९९४ साली फ्रान्समधील ग्रनोबल येथील शास्त्रज्ञांनी त्या बर्फातील शिसे मोजले. इसवी सनापूर्वी ५०० पासून इसवी सन ३०० पर्यंतच्या थरांत ते नैसर्गिक प्रमाणाच्या सुमारे चौपट होते. ग्रीनलंडवर ना खाणी, ना भट्ट्या. ते शिसे ग्रीक व रोमन लोकांच्या चांदीच्या कामातून वाऱ्यावर आलेले होते. चांदी बहुधा शिशाच्या खनिजातून काढीत, आणि थोड्या चांदीसाठी तिच्या शेकडो पट शिसे वितळवावे लागे.

पुढे २०१८ साली याच नोंदी अधिक सूक्ष्मपणे वाचण्यात आल्या. रोममध्ये शांतता नांदली की बर्फात शिसे वाढे. यादवी माजली किंवा साथ पसरली की ते घटे. इसवी सन १६५ च्या सुमारास साम्राज्यात मोठी साथ आली, त्यानंतरची घसरणही बर्फात उमटली आहे. इतिहासाच्या शिक्षकाला याहून विलक्षण बखर कोणती दाखवावी?

आणि २०२५ साली त्याच मार्गाने जाणाऱ्या संशोधकांनी आणखी एक अंदाज मांडला. साम्राज्याच्या भरभराटीच्या दोन शतकांत हवेत सोडलेल्या शिशामुळे युरोपातील मुलांच्या रक्तात इतके शिसे गेले असावे की, त्यांचा सरासरी बुद्ध्यंक अडीच ते तीन गुणांनी उतरला असावा. हा अंदाज आहे, मोजमाप नव्हे. त्या मुलांची परीक्षा आज कोणी घेऊ शकत नाही. तथापि एवढी मोठी साम्राज्यशक्ती आपल्याच लेकरांची बुद्धी नकळत गहाण टाकीत होती, ही कल्पनाच अंगावर काटा आणते.

मतभेदही ऐकावेत

विद्वानांत या विषयावर एकमत आहे असा समज मात्र करून घेऊ नये. २०१६ साली काही संशोधकांनी असे मांडले की, फैनान परिसरातील एका नदीचा गाळ सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच तांब्याने दूषित झाला होता. वादी अराबाच्या पलीकडे, इस्रायलमध्ये, तिम्ना नावाची अशीच प्राचीन ताम्रभूमी आहे. तेल अवीव विद्यापीठाच्या संशोधकांनी तेथील मातीची परीक्षा केली आणि २०२४ साली निष्कर्ष काढला की, तेथील दूषितपणा बेताचा असून तो भट्ट्यांच्या लगतच सीमित आहे. म्हणून प्राचीन तांबे-उद्योगाने साऱ्या मुलखात विष पसरवले असे सरसकट म्हणू नये. हा इशारा योग्यच आहे. परंतु या वादातही एक मुद्दा दोन्ही पक्षांना मान्य दिसतो: भट्टीच्या जागेवर, मळीच्या ढिगात, तो धातू हजारो वर्षांनंतरही आहे. वाद त्याच्या पसाऱ्याचा आहे, त्याच्या आयुष्याचा नाही.

आपल्या अंगणात

आपल्या देशातही प्राचीन धातुकर्माची थोर परंपरा आहे. उदयपूरच्या दक्षिणेस जावर येथे मध्ययुगात जस्त गाळण्याचा मोठा उद्योग होता. जस्ताची वाफ भट्टीत उडून जाते, म्हणून मातीच्या मुशी उलट्या लावून ती वाफ खाली उतरवून थंड करण्याची युक्ती तेथील कारागिरांनी साधली होती. १९८० नंतरच्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील अभ्यासकांनी ब्रिटिश म्युझियम व हिंदुस्थान झिंक यांच्या सहकार्याने या स्थळाचा शोध घेतला. वापरून टाकलेल्या मुशींचे तेथे डोंगर आहेत. लोकांनी त्या रचून घरांच्या भिंतीही बांधल्या. त्या कारागिरांचा अभिमान अवश्य बाळगावा. पण जावरच्या खनिजात जस्ताबरोबर शिसेही असते, हेही त्याच पानावर लिहून ठेवावे.

आणि आता आपला गोमंतक. येथे घाईने तुलना करण्याचा मोह आवरला पाहिजे. आपल्या डिचोली, सत्तरी, सांगे भागातील खनिज मुख्यतः लोखंडाचे, काही ठिकाणी मँगनीजचे. लोखंड म्हणजे शिसे नव्हे. फैनानचा रोग जसाच्या तसा येथे आणून चिकटवणे अशास्त्रीय ठरेल. आपल्याकडची पीडा निराळी आहे. ती म्हणजे श्वासात जाणारी लाल धूळ, पावसाबरोबर ढिगावरून उतरून शेतात व ओहोळात बसणारा गाळ, आणि डोंगराच्या जागी उरलेले पाण्याने भरलेले खड्डे. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने गोव्यातील खनिज उत्खनन थांबले, तेव्हा पुष्कळ घरांची चूल थंडावली. ज्या मुलीने मला प्रश्न विचारला, तिच्या वडिलांचा ट्रक त्या काळी अंगणात उभा राहिला होता. म्हणून ‘खाण वाईट’ असे एका शब्दात सांगून मी तिला वाटेस लावू शकत नाही. त्या ट्रकावरच तिच्या भावाचे शिक्षण झाले आहे.

रोग एक नसला तरी न्याय एकच आहे. खाण चालू असते तेव्हा तिचा हिशेब टनांत आणि रुपयांत होतो. ती बंद पडते तेव्हा वहीही बंद होते. परंतु खरा हिशेब तेथूनच पुढे सुरू होतो, आणि तो चुकवण्यासाठी शेतकरी, गुराखी आणि रांगती मुले एवढीच माणसे गावात उरलेली असतात. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचाच हा प्रकार होय. फैनानने आपल्याला शिकवावयाचे ते हेच की, खाणीचा खर्च खाण चालू असतानाच मोजला पाहिजे, आणि तो नफा घेणाऱ्याच्याच खात्यावर मांडला पाहिजे. ढीग मातीने झाकून त्यावर झाडे लावणे, गाळ अडवणारे बांध घालणे, विहिरींचे पाणी ठरावीक काळाने तपासणे, हे उपाय आज आपल्याला ठाऊक आहेत. रोमनांना ते ठाऊक नव्हते, ही त्यांची सबब होती. आपल्याला ती सबब उरलेली नाही.

मुले काय करू शकतात, असे कोणी विचारील. पुष्कळ करू शकतात. खेळून आल्यावर जेवणापूर्वी हात स्वच्छ धुणे, ही आईची जुनीच शिकवण धातूच्या धुळीवरही लागू पडते. नाचणी, दूध, पालेभाज्या यांनी अंगी लोह व कॅल्शियम भरलेले असले तर शिशाला आत शिरण्यास वाव कमी मिळतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रश्न विचारणे. वर्ग हसला तरी विचारणे.

मागच्या बाकावरील त्या विद्यार्थिनीला माझे उत्तर असे: बाळ, धूळ आपण होऊन जात नाही. ती बसते, उडते, पुन्हा बसते. साम्राज्ये जातात, ती राहते. तिला झाकावे लागते, अडवावे लागते, आणि ती कोणाची होती हे विसरू न देणे, हेही कोणाला तरी करावे लागते. तो प्रश्न तू विचारलास, तेव्हा हे काम तू सुरू केलेच आहेस.